३० डिसेंबर शिकवता, तर ३० जानेवारीही शिकवा

इतिहासाची शालेय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी २९ वर्षे आठवी ते दहावीच्या वर्गांना इतिहास शिकवला. त्यातले एक वाक्य मी दरवर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत असे: '३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकवला.' खाली बेटांना दिलेली नावे, शहीद आणि स्वराज. मुलांना हा भाग फार आवडायचा. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, झेंडा लागल्यावर तिथल्या लोकांचं काय झालं?" मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "ते स्वतंत्र झाले." तिने ते वहीत उतरवून घेतले.

ते उत्तर चुकीचे होते. बेटे तेव्हा जपानी लष्कराच्या ताब्यात होती, आणि पुढेही तशीच राहिली. ते चुकीचे आहे हे मला निवृत्तीनंतर कळले. ती मुलगी आता कुठे आहे ठाऊक नाही, म्हणून तिची वही मला दुरुस्त करता येत नाही. तुमची पुस्तके मात्र दुरुस्त करता येतील.

धाकट्या बहिणीबरोबर मी अंदमानला गेले ती आपण सगळी मराठी माणसे जातो तशीच. स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी पाहायची, डोळे पुसायचे, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी बोट. सहलीतला एक दिवस मोकळा होता म्हणून आम्ही टॅक्सी केली. चालक साठीच्या आसपासचा, बोलणे हिंदीतले. कुठले तुम्ही, असे विचारल्यावर म्हणाला, "हम प्री-फॉर्टी-टू हैं." आधी मला वाटले हा एखाद्या वस्तीचा क्रमांक असेल. मग त्याने उलगडून सांगितले. १९४२च्या आधीपासून बेटांवर राहणाऱ्या कुटुंबांना तिथे असे म्हणतात. कैदी म्हणून आलेल्यांचे वंशज त्यात आहेत. सरकारी दाखल्यांतही हा शब्द आहे. म्हणजे १९४२ या सालाने तिथल्या माणसाची ओळख ठरते, आणि ते साल तिथे का इतके मोठे आहे हे इतिहासाच्या शिक्षिकेला माहीत नव्हते.

हम्फ्रीगंजला त्याने न विचारताच गाडी थांबवली. रस्त्यालगत स्मारक आहे. तो चपला काढून आत गेला, कठड्यावर पडलेली पाने हाताने बाजूला केली आणि बराच वेळ काही बोलला नाही. परत गाडीत बसल्यावर त्याने आजोबांच्या थोरल्या भावाबद्दल सांगितले. चौकशीसाठी म्हणून जपानी रात्री घेऊन गेले, तो माणूस परत आला नाही. "दादी मरते दम तक रात को दरवाज़े पर दस्तक नहीं देने देती थी. बोलती थी, नाम लेकर पुकारो." घरातल्या मुलांनाही रात्री दारावर थाप मारायची परवानगी नव्हती. बाहेरून नाव सांगायचे, मग दार उघडायचे.

घरी आल्यावर मी वाचायला बसले. सुरुवातीला नकाशाच घेतला, कारण हा भाग नकाशाशिवाय समजतच नाही. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून. आता ब्रह्मदेशातल्या जपानी फौजेला रसद पोहोचवायची म्हणजे सिंगापूरहून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वर रंगूनपर्यंत जहाजे न्यायची. नकाशावर हाताचे बोट त्या मार्गावरून फिरवून पाहा. डाव्या हाताला निकोबार, मग अंदमान, अशी बेटांची रांग सारखी लागत राहते. ज्याच्या हाती ही रांग, त्याच्या हाती तो मार्ग. ब्रिटिशांनी बेटे राखता येणार नाहीत असे ठरवून मार्चच्या मध्यापर्यंत फौज आणि बहुतेक अधिकारी काढून नेले. हजारो लोक तिथेच राहिले. २३ मार्चला जपानी उतरले तेव्हा त्यांना अडवणारे कोणी नव्हते. पोर्ट ब्लेअर त्यांच्या समुद्री विमानांचा तळ झाला, आणि दोन आठवड्यांच्या आत, ६ एप्रिलला, बंगालच्या उपसागरात शिरलेल्या जपानी आरमाराच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले. बेटे हातची गेल्यावर आपला पूर्व किनारा किती उघडा पडतो, हे मुलांना समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही.

सुरुवातीला पुष्कळांना वाटले, इंग्रज गेले, बरे झाले. काळ्या पाण्याच्या बेटावर असे वाटणे स्वाभाविकच होते. पण पहिल्या काही दिवसांतच झुल्फिकार अलीचे प्रकरण घडले. जपानी शिपाई कोंबड्यांच्या मागे घरात शिरत होते, म्हणून या तरुणाने एअरगन चालवली. छऱ्याची बंदूक. त्यात कोणी मेले नाही. शिपायांनी वस्तीतली घरे जाळली. झुल्फिकार अली हाती लागल्यावर लोकांना जमवून सर्वांसमोर त्याचे हात पिरगाळले आणि त्याला गोळ्या घातल्या. मागे राहिलेल्या बर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा हेर म्हणून भर चौकात शिरच्छेद झाला.

पुढची साडेतीन वर्षे 'हेर' या एका शब्दावर गेली. दोस्त राष्ट्रांच्या पाणबुड्या जपानी जहाजे बुडवत होत्या. १९४३पासून ब्रिटिशांची टेहळणी पथकेही पाणबुडीतून येऊन जंगलात लपत होती. जहाजांची खबर बाहेर जाते कशी, याचे उत्तर जपानी अधिकाऱ्यांना त्या जंगलात सापडले नाही, म्हणून त्यांनी ते वस्तीत शोधले. शिक्षक, कारकून, पोलीस, डॉक्टर, दुकानदार उचलले गेले. त्यांना ठेवले कुठे? सेल्युलर जेलमध्ये. १९३८पर्यंत ब्रिटिशांनी राजबंदी मायदेशी पाठवले होते. त्या रिकाम्या कोठड्या पुन्हा भरल्या. आपण ज्या व्हरांड्यातून हळूच पावले टाकत सावरकरांच्या कोठडीकडे जातो, तिथे २ वेगवेगळ्या राजवटींनी माणसे छळली आहेत. आपल्याला एकीचीच गोष्ट ठाऊक आहे.

डॉ. दिवाणसिंग यांच्याबद्दल वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. पेशाने डॉक्टर, पंजाबीतले कवी, बेटांवरच्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचे प्रमुख. बेटावरच राहिले आणि 'कालेपाणी' हे नावच स्वतःला लावून घेतले. ज्या शब्दाने आपल्याकडच्या घराघरांत धसका बसत असे, तो शब्द या माणसाने आडनावासारखा वापरला. ऑक्टोबर १९४३मध्ये जपान्यांनी त्यांना हेरगिरीच्या आरोपावरून पकडले. सुमारे अडीच महिने छळ सोसून १४ जानेवारी १९४४ला त्याच जेलमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. नेताजी २९ डिसेंबरला आले, ३०ला जिमखाना मैदानावर तिरंगा फडकला, ३१ला ते गेले. त्या दिवसांत डॉ. दिवाणसिंग जेलमध्ये होते. नेताजींना ते कळू दिले नाही, असे बेटांवरचे लोक सांगत आले आहेत. जपान्यांचा पहारा आणि आखून दिलेला कार्यक्रम पाहता मला ते पटते. बरोबर एक महिन्याने, ३० जानेवारी १९४४ला, हम्फ्रीगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या. त्यांतले बरेचसे इंडिपेंडन्स लीगचे होते. भारताच्या स्वातंत्र्यासाठी उभ्या राहिलेल्या संघटनेची माणसे ब्रिटिशांचे हेर म्हणून मारली गेली.

बेटे आझाद हिंद सरकारकडे सोपवल्याचे जपानने जाहीर केले होते. मेजर जनरल लोकनाथन मुख्य आयुक्त म्हणून आलेही. पण पोलीस आणि संरक्षण जपान्यांनी सोडले नाही. लोकनाथन यांच्या हाती खऱ्या अर्थाने आले ते शिक्षण खाते. अटकेत असलेल्यांना ते सोडवू शकले नाहीत. काही महिन्यांत ते परतले.

शेवटचे वर्ष उपासमारीचे होते. जहाजे येईनात, धान्य संपले. ऑगस्ट १९४५मध्ये शेकडो माणसांना, शेतीसाठी दुसऱ्या बेटावर नेतो असे सांगून बोटींत भरले आणि हॅवलॉक बेटाजवळ रात्रीच्या अंधारात समुद्रात ढकलले. फार थोडे वाचले. त्यांच्या तोंडूनच हे जगाला कळले. त्याच हॅवलॉकच्या किनाऱ्यावर आमच्या गटाने फोटो काढले, मीही काढले. निकोबारमध्ये कार निकोबारच्या आदिवासींवर हाच हेरगिरीचा संशय आला आणि हाच प्रकार झाला. त्याबद्दल १९४६मध्ये सिंगापूरला जपानी अधिकाऱ्यांवर खटला चालला. निकोबारी धर्मगुरू जॉन रिचर्डसन यांनी तो छळ स्वतः सोसला. पुढे पहिल्या लोकसभेत बेटांचे नियुक्त खासदार तेच होते.

१९४१च्या जनगणनेत अंदमान-निकोबारची लोकसंख्या ३३,७६८ होती, १९५१ला ३०,९७१. कैद्यांची वसाहत बंद होऊन पुष्कळ जण मायदेशी गेले हे त्याचे एक कारण आहे, ते मी लपवत नाही. पण शिक्षिका म्हणून सांगते, लोकसंख्या कमी झाल्याची ही एक ओळ वर्गात ठेवली तर मुले 'का?' असे विचारल्याशिवाय राहणार नाहीत.

एवढे सगळे वाचून मी गेल्या वर्षी एका कार्यालयाला पत्र लिहिले. त्याचे नाव इथे घेत नाही, कारण माझे भांडण एका टेबलाशी नाही. ४ महिन्यांनी २ ओळींचे उत्तर आले: आशयभार वाढवणे शक्य नाही, तसेच विषय संवेदनशील आहे. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे. माझ्या तक्रारी अशा.

पहिली आणि सगळ्यात मोठी: मी शिकवलेल्या पुस्तकांतले ३० डिसेंबरचे वाक्य खरे असूनही त्याने मुलांचा गैरसमज होतो. झेंडा लागला आणि धडा पुढे गेला. मुलांच्या मनात राहते ते एवढेच की जपानने बेटे सोडवली, नेताजींना दिली, लोक सुखी झाले. खरी तारीख लिहूनही अर्थ खोटा पोहोचवता येतो, आणि तो पोहोचवण्याचे काम २९ वर्षे माझ्या हातून झाले.

दुसरी तक्रार: दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात पर्ल हार्बर आहे, हिरोशिमा आहे, स्टॅलिनग्राड आहे. आपल्या देशाचा जो भूभाग या युद्धात शत्रूच्या लष्कराने साडेतीन वर्षे ताब्यात ठेवला, त्याचा पत्ता नाही. मी वापरलेल्या नकाशात जपानने व्यापलेला प्रदेश रंगवला होता, पण अंदमान-निकोबारचे ठिपके कोरेच होते. छपाईत ते लहान दिसतात हे मान्य. मग बाण काढा.

तिसरी: सेल्युलर जेलची गोष्ट आपण राजबंद्यांबरोबर संपवतो.

चौथी लिहिताना मला त्रास होतो. या लोकांच्या वतीने भारत सरकारने ९ जून १९५२च्या भारत-जपान शांतता करारात नुकसानभरपाईचे सगळे दावे सोडून दिले, भारतीय नागरिकांचे दावेही त्यात आले. नव्या देशाने मोठ्या मनाने केलेला तो निर्णय होता, आणि मला तो उलटवायचा नाही. पण ज्यांचा हक्क देशाने सोडून दिला, त्यांची निदान आठवण ठेवण्याची जबाबदारी देशावर येते. पैसे मिळाले नाहीत आणि पुस्तकात ओळही मिळाली नाही, असे कसे चालेल?

आता त्या कार्यालयाच्या उत्तराबद्दल. आशयभार म्हणजे काय ते मला शिकवू नका. जूनमध्ये पुस्तक हाती आल्यावर तासिका मोजत बसणारी मीच होते. पण यासाठी नवा धडा लागत नाही. सहा वाक्ये पुरतात, ती मीच लिहून देते:

'मार्च १९४२मध्ये जपानने अंदमान आणि त्यानंतर निकोबार बेटे ताब्यात घेतली. ती ऑक्टोबर १९४५पर्यंत जपानी लष्कराकडे होती. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकवला. मात्र पोलीस आणि संरक्षण जपान्यांनी स्वतःकडेच ठेवले. हेरगिरीच्या संशयावरून जपानी लष्कराने अनेक बेटवासीयांचा छळ केला, डॉ. दिवाणसिंग कालेपाणी यांचा १४ जानेवारी १९४४ रोजी सेल्युलर जेलमध्ये मृत्यू झाला. ३० जानेवारी १९४४ रोजी हम्फ्रीगंज येथे ४४ जणांना गोळ्या घालण्यात आल्या.'

'माहीत आहे का तुम्हांला?' या चौकटीत हे आरामात बसते. भाषा सुधारायची असेल तर जरूर सुधारा, मजकूर कापू नका.

संवेदनशील म्हणाल तर दोन गोष्टी असाव्यात. एक, नेताजींना कमीपणा येईल ही भीती. माझ्या देवघराशेजारी त्यांची तसबीर आहे, ती वाचनानंतरही तिथेच आहे. दुसऱ्याच्या फौजेच्या आधाराने देश सोडवायला निघालेल्या माणसापुढे किती कठीण वाट होती, हे कळल्यावर मुलांचा आदर वाढेल. ज्यांना त्यांचे मोठेपण झाकपाक करून सांभाळावे लागेल असे वाटते, त्यांचा नेताजींवर माझ्याइतका विश्वास नाही. दुसरी भीती, जपान आज मित्र आहे. असू दे. इंग्रजांशीही आपले संबंध चांगले आहेत, म्हणून आपण जालियनवाला बाग गाळत नाही.

बाहेर काय करतात तेही पाहा. इंग्लिश खाडीतली जर्सी आणि गर्न्सी ही बेटे जर्मनांनी १९४०च्या उन्हाळ्यात घेतली. ९ मे १९४५ला ती सुटली, आणि आजही ९ मे तिथे सार्वजनिक सुट्टीचा, मुक्तीचा दिवस असतो. शेजारच्या ऑल्डर्नी बेटावर जर्मनांच्या छावण्यांत किती माणसे मेली याची मोजणी नीट झाली नव्हती, म्हणून तज्ज्ञांना बसवून २०२४मध्ये नवा अहवाल काढला गेला. ६४१ ते १,०२७, असा आकडा त्यांनी दिला. जवळपास ८० वर्षांनी! हॅवलॉकजवळ बुडवलेल्यांचा एक आकडा आपण अजून ठरवू शकलेलो नाही, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा सापडतो.

२०१८मध्ये रॉस, नील आणि हॅवलॉक यांना नेताजी सुभाषचंद्र बोस, शहीद आणि स्वराज द्वीप अशी नावे दिली गेली. २०२४मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. या नावांचा मला आनंदच आहे. पण 'शहीद' म्हटल्यावर कोण, हे शाळेतल्या मुलाला सांगता आले पाहिजे. आपण विमानाने उतरतो तो वीर सावरकर विमानतळ घ्या. तिथल्या धावपट्टीची सुरुवात जपानी काळात झाली, बेटांवरच्या लोकांना सक्तीने राबवून. विमान टेकताच आमच्या गटाने 'स्वातंत्र्यवीर सावरकर की जय' म्हटले. ते म्हणायलाच हवे. ती जमीन ज्यांनी सपाट केली त्यांच्याबद्दल आमच्यातल्या एकालाही माहिती नव्हती, माझ्यासकट.

माझ्या मागण्या साध्या आहेत. वरची सहा वाक्ये पुढच्या आवृत्तीत दुसऱ्या महायुद्धाच्या किंवा आझाद हिंद सेनेच्या पाठात घ्या. नकाशात अंदमान-निकोबार जपानव्याप्त प्रदेशाच्या रंगात दाखवा. शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत ४-५ पाने द्या, आणि ती लिहिताना बेटांवरच्या प्री-४२ कुटुंबांना आणि निकोबारी लोकांना विचारा. त्या पिढीला पाहिलेली, तिच्या तोंडून ऐकलेली माणसे अजून आहेत, पण तीही आता म्हातारी होत आहेत. तुमच्या समितीत हा विषय पूर्वी आला असेल आणि जाणूनबुजून वगळला असेल, तर त्याचे कारण लेखी कळवा. आणि ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता शाळाशाळांतून दोन मिनिटे उभे राहतात, महात्माजींसाठी. त्याआधी परिपाठात हम्फ्रीगंजच्या त्या ४४ जणांसाठी एक ओळ वाचण्याची सूचना शाळांना जावी अशी शिफारस तुम्ही करू शकता. तारीख तीच आहे.

एक शेवटची मागणी स्वाध्यायाबद्दल. 'नेताजींनी तिरंगा केव्हा फडकवला?' हा एका गुणाचा प्रश्न तुम्ही ठेवाच. त्याच्या खाली ३ गुणांचा एक नवा प्रश्न घाला. तो माझा नाही, मागच्या बाकावरच्या त्या मुलीचा आहे: 'तिरंगा फडकल्यानंतर तिथल्या लोकांचे काय झाले?'

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका